खोली मिळाली, पण कागद कुठे आहे?

जून उजाडला की मीरा रोड स्टेशनच्या पुलावर मराठवाड्याची आणि विदर्भाची पोरे दिसू लागतात. पूर्वी हातात पत्र्याची ट्रंक असायची, आता चाकांची बॅग असते. बॅगेला दोरीने बांधलेली वळकटी मात्र तीच आहे आणि सोबत आलेल्या बापाच्या चेहऱ्यावरचा गोंधळही तोच आहे. मुलाला इंजिनीअरिंगला किंवा फार्मसीला प्रवेश मिळाला आहे. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलेले नाही, निदान अजून लागलेले नाही. मुंबईत राहणे परवडत नाही. मग कोणीतरी सांगते, 'दहिसरच्या पुढे जा, मीरा रोड-भाईंदरला खोल्या स्वस्त आहेत.'

गेल्या वर्षी एप्रिल संपता संपता हिंगोली जिल्ह्यातला असाच एक मुलगा रविवारी विहारात वंदना झाल्यावर थांबून राहिला. सगळे गेले तरी हा चप्पल शोधण्याचे निमित्त करीत दारातच उभा. मी विचारले, 'काय रे, काय झाले?' तेव्हा म्हणाला, 'काका, डिपॉझिट बुडाले.'

हकीकत साधी होती. चार मुले मिळून मीरा रोड पूर्वेला वन बीएचकेमध्ये राहत होती. डिपॉझिट साठ हजार, म्हणजे डोई पंधरा हजार. दलालाच्या समोर, रोख. करार 'नंतर बनवू' म्हणून राहिला तो राहिलाच. भाडे दर महिन्याला कधी मालकाचा मेव्हणा येऊन घेऊन जाई, कधी फोनवरून पाठवत. दहा महिन्यांनी खोली सोडताना मालकाने हिशेब सांगितला: रंगाचे इतके, मोडलेल्या नळाचे इतके, महिन्याची नोटीस दिली नाही त्याचे इतके, सोसायटीने दंड केला त्याचे इतके. बेरीज बरोबर साठ हजार! मी जन्मभर हिशेबाच्या वह्यांत डोके घातलेला कारकून. खर्चाची बेरीज जमा रकमेइतकी तंतोतंत आली की मला पहिला संशय येतो.

'कागद काय आहे तुझ्याकडे?' मी विचारले. त्याने प्लास्टिकची पिशवी उघडली. आत कॉलेजचे ओळखपत्र, रेल्वेचा पास, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणि जेवणाच्या डब्याची कार्डे. खोलीचा एकही कागद नाही. 'पण काका, आम्ही तिथे राहत होतो हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.' बिल्डिंगला माहीत असून भागत नाही, हे त्याला त्या दिवशी समजले. त्याच्या वडिलांनी सोयाबीन विकून ते पंधरा हजार दिले होते.

या मुलाचे पुढे काय झाले ते सांगेन. आधी दुसऱ्या एका भाडेकरूची आठवण काढू. आपल्या सर्वांना ती ठाऊक आहे, पण या प्रश्नाच्या बाजूने आपण ती फारशी वाचत नाही.

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा तरुण. पण बडोद्यात त्याला राहायला जागा नाही. पारशी लोकांच्या सरायीत जागा होती, ती फक्त पारशांना. शेवटी सराय सांभाळणाऱ्याने वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही होते, दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. पाच तास बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या सरायीच्या वहीत खोटे नाव घालावे लागले, कारण खऱ्या नावाला दार बंद होते. आज शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या मुली काय करतात? परभणीकडची एक मुलगी मला सांगत होती. चार ठिकाणी खोली पाहिली. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारले. आडनावावरून कळले नाही तर गाव कोणते, मग गावात घर कुठे, मग 'तुम्ही नॉनव्हेज खाता का?' पाचव्या ठिकाणी तिने मैत्रिणीचे आडनाव सांगितले आणि खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो वर्षभर कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. चौदा एप्रिलला तो बाहेर काढला तो रात्री दहा वाजता, दार लावून. मेणबत्तीचा वास येऊ नये म्हणून पंखा लावला तर मेणबत्तीच विझली. ती हसत हसत सांगत होती, पण मला हसू आले नाही.

जात विचारून नकार देतो असे आज कोणी म्हणत नाही. खाण्यापिण्याचे नाव पुढे करतात. २०१५ साली पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय आमच्या मीरा-भाईंदर महापालिकेने घेतला, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. ते आठ दिवस संपले. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस 'शाकाहारींनाच' अशी पाटी न लावता ती पाळणाऱ्या सोसायट्यांची कोणी बातमी करीत नाही. त्याच वर्षी प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच प्रकारच्या घरासाठी उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावाने चौकशी करून त्यांनी पाहिले. उच्चवर्णीय नावाला दार उघडे होते. दलित नावाला कुठे सरळ नकार, कुठे जादा अटी. मुस्लिम नावाची स्थिती त्याहून वाईट. आम्हाला हे अनुभवाने माहीत होते, पण अनुभवाला कोणी पुरावा मानत नाही. म्हणून असे अभ्यास लागतात.

नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास, बांधण्यास किंवा राहण्यास अडवणे हा त्याच्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा चांगला आहे. पण दलाल जेव्हा 'मालकाचा विचार बदलला' एवढेच म्हणतो तेव्हा कोणत्या शब्दावर फिर्याद करायची? मी कायदा टाकाऊ म्हणत नाही. शक्य तिथे दलालाशी लेखी बोला, निरोप जपून ठेवा. मात्र सप्टेंबरची परीक्षा तोंडावर आलेल्या पोरीला आज रात्री झोपायला जागा हवी असते, निकाल नव्हे.

आता आपल्या घरातले बोलू. कारण मीरा-भाईंदरमध्ये आज आपलेही घरमालक आहेत. चाळीतून निघून, गिरणीचे, रेल्वेचे, बीएसटीचे फंड घालून आपल्या माणसांनी इथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेतले. मिठागरांच्या आणि शेतांच्या या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. त्या लोंढ्यात आपणही आलो. काहींचा एक फ्लॅट आहे तो मुलाच्या लग्नासाठी राखून ठेवलेला, काहींना एक खोली जास्त आहे. ते विद्यार्थ्यांना भाड्याने देतात. आणि स्पष्ट लिहितो, त्यातले कित्येक जण परक्या मालकापेक्षा वेगळे वागत नाहीत. एका खोलीत सात कॉट. पावती मागितली तर 'आपल्याच माणसावर विश्वास नाही काय?' करार केला तर इन्कम टॅक्सवाले मागे लागतील ही भीती. मुस्लिम मुलगा नको, मातंगाचा पोरगा नको, असे म्हणणारे बौद्ध घरमालकही मी पाहिले आहेत. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो.

टॅक्सच्या भीतीचे आधी मिटवू. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचे बिल दाखवा वा न दाखवा. महिना पंधरा हजार भाडे म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. घरपट्टी सहा हजार धरली तर एक लाख चौऱ्याहत्तर हजार राहिले. तीस टक्के गेले की हिशेबात धरायचे एक लाख एकवीस हजार आठशे. निवृत्त माणसाचे पेन्शन मिळवूनही बहुतेकांना टॅक्स लागत नाही. लागला तरी तो या रकमेवर. यासाठी कागद लपवणे म्हणजे उंदराच्या भीतीने घर सोडणे.

आता कराराचे. लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे की अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झाले. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो वा तीन. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आमच्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढेच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, मालकाने ते खोटे असल्याचे सिद्ध करेपर्यंत.

हिंगोलीच्या मुलाकडे परत येतो. त्याच्याकडे कागद नव्हता, पण मालकाकडेही नव्हता. फोनवरून पाठवलेल्या सहा महिन्यांच्या भाड्याची नोंद बँकेच्या पासबुकात सापडली. दलालाशी झालेल्या बोलण्यात 'डिपॉझिट साठ' हे शब्द होते. त्या आधारावर चौघांच्या सहीने मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. शिवीगाळ नाही, धमकी नाही. तारखा, रकमा, कलम ५५ आणि पंधरा दिवसांची मुदत. शेवटी एक ओळ घातली की रंगाचे आणि नळाचे बिल दाखवल्यास ती रक्कम कापून घेण्यास आमची हरकत नाही. बाराव्या दिवशी मेव्हणा बावन्न हजार घेऊन आला. आठ हजार नळाला आणि रंगाला लागल्याचे म्हणाला. बिल दिले नाही. मुले परीक्षेच्या घाईत होती, त्यांनी घेतले. मी असतो तर बिल मागितले असते, पण पंधरा हजार माझे नव्हते.

पत्राने भागले नसते तर ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो असतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. आपल्यातले फार थोडे लोक तो वापरतात. पोलीस चौकीत गेले की 'हे दिवाणी आहे' असे सांगून परत पाठवतात आणि तिथेच आपण हरतो.

खर्चाचा बाऊ करू नये म्हणून आकडे मांडतो. भाडे सोळा हजार, परत मिळणारे डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडे एक लाख शहात्तर हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज सुमारे चार हजार सहाशे. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेचारशेच्या आसपास, पाचशे धरा. शहरी भागात नोंदणी फी एक हजार, ऑनलाइन हाताळणीचे तीनशे. अठराशे रुपये झाले. चार मुलांत वाटले तर डोई साडेचारशे. करून देणारा एजंट आपली फी वेगळी घेतो, ती आधी विचारून घ्या. नोंदणी आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते, त्यासाठी गावाहून बापाला बोलवावे लागत नाही. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, अकरावी-बारावीचा, तर मात्र त्याच्या सहीला अर्थ नाही. करार वडिलांच्या किंवा आईच्या नावे करावा आणि राहणारा म्हणून मुलाचे नाव घालावे. चार मुले असतील तर चौघांचीही नावे हवीत. एकाच्याच नावावर करार करून बाकीचे तिघे 'पाहुणे' राहतात, तो एक कॉलेज सोडून गावी जातो आणि तिघे रस्त्यावर येतात. असे दोन वेळा पाहिले आहे.

मालकांनीही घाबरू नये. 'पोरे घर बळकावतील' ही भीती जुन्या पागडीच्या काळातली. नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि मधल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. कागदाशिवाय हे काही मिळत नाही. म्हणजे कागद दोघांच्याही बाजूचा.

पण हा सारा खटाटोप मी ज्या कारणासाठी लिहायला घेतला ते वेगळेच आहे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाने आणली. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी ती आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजार: भोजनाचे बत्तीस हजार, निवासाचे वीस हजार, निर्वाहाचे आठ हजार. इतर महापालिका क्षेत्रांसाठी एक्कावन्न हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी त्रेचाळीस हजार असे टप्पे ठेवले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना साहित्यासाठी पाच हजार वेगळे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, हजेरी हवी, गुणांची अट आहे. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून अर्ज भरण्याआधी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात त्या वर्षीची यादी पाहून घ्यावी.

त्या यादीत एक कागद नेहमी असतो: भाड्याने राहत असल्याचा पुरावा.

ज्या मुलीने फोटो कपाटात ठेवला होता, तिचे हेच झाले. खोली मैत्रिणीच्या आडनावावर मिळवलेली. मालकिणीकडे करार मागायचा तर खरे नाव सांगावे लागणार, जातीचा दाखला जोडायचा तर ते आडनाव आणि हे आडनाव जुळायला हवे. ती मालकिणीकडे गेलीच नाही. अर्जाची मुदत गेली. आई परभणीत दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते आणि मुलीच्या हक्काचे वर्षाचे पैसे एका खोट्या आडनावापायी सरकारच्या तिजोरीत राहिले. बडोद्याच्या वहीतले पारशी नाव मला त्या दिवशी पुन्हा आठवले.

पैसे मंजूर झाले तरी ते जूनमध्ये हातात पडत नाहीत, हेही मालकांनी ध्यानात घ्यावे. धारवाडच्या वसतिगृहाची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. बळवंतराव वराळे ते चालवीत. रमाई तिथे मुक्कामाला असताना अनुदान वेळेवर आले नाही, मुले उपाशी होती, तेव्हा रमाईंनी सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. रमाई जयंतीला आपण हे भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. मुलाची शिष्यवृत्ती येईपर्यंत भाडे थांबवायला आपल्यातले किती तयार होतील? बांगड्या मागत नाही, दोन महिने मागतो.

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये एक बाई आहेत, भाईंदर पूर्वेच्या. नवरा रेल्वेत होता, वारला. मुलगा सासुरवाडीच्या जवळ राहायला गेला. त्यांनी मोठी खोली पाच मुलींना दिली आहे आणि स्वतः स्वयंपाकघरालगतच्या लहान खोलीत राहतात. शिक्षण सातवी. सगळ्या मुली त्यांना मावशी म्हणतात. या ताईंची पद्धत मी जाऊन पाहिली आणि थक्क झालो. कोणी शिकवलेली नाही.

दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली. पहिल्या पानावर मुलगी आली त्या दिवशीची यादी: कॉट एक, गादी एक, पंखा चालू, खिडकीची एक काच तडकलेली, कपाटाची किल्ली दिली. खाली मुलीची सही आणि ताईंची सही. फोनवर चार फोटोही काढून ठेवतात. खोली सोडताना तीच यादी पुढे ठेवायची. तडकलेली काच आधीच लिहिलेली, म्हणून तिच्यावरून भांडण नाही. विजेसाठी वेगळा छोटा मीटर बसवला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला एखादी मुलगी आकडा वाचून वहीत लिहिते, बिलाचा दर युनिट काय पडला तो काढते आणि पाचांत भागते. ताई म्हणाल्या, 'दादा, मी आकडा वाचला तर त्यांना वाटेल मावशीने दोन युनिट वाढवले. त्यांनीच वाचावा.' ऑडिटच्या पुस्तकात मी हे तत्त्व शिकलो होतो, पण इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

पाण्याचा प्रश्न आमच्या शहराला जुनाच आहे. स्टेम आणि एमआयडीसीचे पाणी येते ते पुरत नाही, शटडाऊन असला की टँकर. ताईंनी अंघोळीचा क्रम लावला आहे: ज्या मुलीची लोकल आधी तिची पाळी आधी. परीक्षेच्या महिन्यात जिची परीक्षा ती पहिली. टँकरचे पैसे सोसायटी मागते तेव्हा पावती वहीत चिकटवून सहा भाग करतात. सहावा भाग ताईंचा. डिपॉझिट त्यांनी खर्च केलेले नाही. पोस्टात वेगळे खाते आहे, त्यातच ठेवतात, सोडताना त्यातूनच देतात. बहुतेक मालकांचे भांडण इथेच सुरू होते. डिपॉझिट मुलाच्या लग्नात किंवा रिक्षाच्या हप्त्यात गेलेले असते, परत द्यायची वेळ आली की रंगाचा खर्च आठवतो.

मुलींच्या खोलीत त्या दार वाजवल्याशिवाय जात नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. भाडे घेतो म्हणून कपाट उघडून पाहणारे, मुलगी अंघोळीला गेली असताना 'मीटर बघायला' येणारे मालक कमी नाहीत आणि मुली लाजेने सांगत नाहीत. आई-बापांनी खोली पाहताना आतून कडी लागते का, संडास-बाथरूमची कडी धड आहे का, हे भाड्याच्या आधी पाहावे. २०२३ च्या जूनमध्ये चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. सरकारी इमारतीत ही स्थिती, तर खासगी खोलीत कोण पाहणार? आपणच.

सोसायटीचे सेक्रेटरी 'बॅचलर नकोत' म्हणतात तेव्हा त्यांच्याशी थोडे समजुतीने बोलावे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मीरा रोडच्या बोगस कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांच्या धाडी पडल्या, तेव्हापासून अनोळखी तरुण म्हटले की इथले लोक बिचकतात. नाव-पत्ता, कॉलेजचे पत्र आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सेक्रेटरीच्या हातात ठेवली की निम्मी कुरकुर थांबते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे मालकाचे काम आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून आपले मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय वेगळे झाले आहे. माहिती ऑनलाइनही भरता येते. सोसायटी भाड्यासाठी मालकाकडून जे जादा पैसे घेते त्यालाही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे हा बिनवापर आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क बाराशे असेल तर एकशे वीस रुपये. 'सोसायटी दोन हजार घेते' म्हणून मुलांचे भाडे वाढवणाऱ्या मालकाला सोसायटीची पावती दाखवायला सांगा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असे म्हटले आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय ते लागू होत नाही. आपल्या संघटनांच्या निवेदनांत मी ही मागणी फारशी पाहिलेली नाही. स्मारकांच्या मागण्या पाहतो. स्मारके हवीतच. लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर राज्य शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, आपल्याला अभिमान वाटला. पण त्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब कोण म्हणून राहत होते? भाड्याने राहणारा विद्यार्थी म्हणून. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, सभा स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. पहिल्या कामांत पोरांच्या राहण्याची सोय होती.

आम्ही विहारात एक वही सुरू केली आहे. डाव्या पानावर आपल्या लोकांकडच्या रिकाम्या खोल्या: मजला, भाडे, डिपॉझिट, करार करून देणार की नाही. उजव्या पानावर खोली शोधणारी मुले. करार करून न देणाऱ्याची खोली वहीत घेत नाही, यावरून दोन जुने कार्यकर्ते माझ्याशी बोलत नाहीत. आजवर अकरा खोल्या आल्या, त्यातल्या सात टिकल्या. दोघांनी दलालाकडून जास्त भाडे मिळाले म्हणून नाव काढून घेतले. एकाने मुलांना दारू पिताना पाहिले म्हणून, आणि त्यात त्याची चूक नव्हती. अकरावी खोली दिवाळीत मालकाच्या लेकीला लागली. दलाली घेत नाही. वहीसाठी चाळीस रुपये लागले ते दानपेटीतून घेतले आणि तसे लिहून ठेवले.

परभणीची ती मुलगी आता भाईंदरच्या ताईंकडे आहे. करार तिच्या स्वतःच्या आडनावाने झाला. अंगठा देताना मशीनने तीन वेळा नाकारला, चौथ्यांदा घेतला. फोटो कॉटच्या डोक्याशी भिंतीवर आहे, खिळा ताईंनी ठोकला आणि यादीत 'खिळा एक' असे लिहून सही घेतली. गेल्या वर्षीचे पैसे गेलेच. यंदाचा अर्ज तिने भरला आहे, पोचपावती वहीत लावली आहे. मंजुरीची वाट पाहतो आहोत.